ख्रिस किलिप: हाकलून दिलेल्या किनाऱ्यावर तो परत कसा गेला?

कृष्णधवल

मंडळी, नमस्कार.

नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवसांत फोटो-डॉक्युमेंटरी शिकायची धडपड वर्षभर चालू आहे. एकाच वस्तीत पुन्हा पुन्हा जाऊन तिथल्या कामगारांचं जगणं टिपायचं, असं मनात होतं. तिसऱ्या खेपेला त्यांनी तोंडावर सांगितलं, कॅमेरा आत ठेवा नाहीतर निघा. निघालो. वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. मी त्यांना काय सांगितलं होतं? काहीच नाही.

त्याच आठवड्यात ब्रिटिश फोटोग्राफर ख्रिस किलिपचं काम पहिल्यांदा नीट पाहिलं. इंग्लंडच्या ईशान्येकडचे १९७०-८० मधले कृष्णधवल फोटो. समुद्रातून कोळसा काढणाऱ्या लोकांनी त्यालाही आधी हाकलून दिलं होतं, आणि पुढे तो त्यांच्यातच राहिला, एवढं वाचलं. मधलं काही कळलं नाही.

तर विचारायचं असं की, इतकी वर्षं तो पोटापाण्याचं काय करत होता? त्या किनाऱ्यावर नेमकं काय घडलं? आणि सगळीकडे त्याला 'थॅचरच्या काळाचा फोटोग्राफर' म्हणतात, ते कितपत बरोबर आहे? कुणी त्याचे मूळ प्रिंट पाहिले असतील तर त्याबद्दलही लिहा.

टाइनकाठची

लिहायला बसले, कारण हे फोटो जिथले आहेत तिथेच मी राहते. वॉल्सेंड, टाइन नदीच्या उत्तर काठावर. १९ वर्षं झाली. एका केअर होममध्ये नोकरी करते. कॅमेऱ्यातलं मला फारसं कळत नाही, पण किलिपची पुस्तकं घरात आहेत आणि त्याचे प्रिंट दोनदा समोर उभं राहून पाहिलेत.

आधी पोटापाण्याचं. किलिप १९४६ चा, आइल ऑफ मॅन बेटावरच्या डग्लसचा. आईवडील पब चालवायचे. १६ व्या वर्षी शाळा सोडली आणि तिथल्या एका बड्या हॉटेलात मॅनेजरचं काम शिकायला लागला. मग एका फ्रेंच साप्ताहिकात त्याला कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरचा तो प्रसिद्ध फोटो दिसला, दोन्ही काखांत वाइनच्या मोठ्या बाटल्या घेऊन ऐटीत निघालेला पोरगा. कॅमेरा हातात धरलेला नव्हता तोवर, पण आपण हेच करायचं असं त्याने ठरवून टाकलं. एक उन्हाळा बेटावरच्या चौपाटीवर पर्यटकांचे फोटो काढून प्रवासखर्च जमवला, आणि १९६४ मध्ये लंडनला जाऊन एड्रियन फ्लॉवर्स या जाहिरातींच्या फोटोग्राफरकडे तिसरा मदतनीस म्हणून लागला. पाच वर्षं हेच क्षेत्र. पैसा होता त्यात. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फोटोंचा संग्रह पाहिला आणि परत येऊन जाहिरातीचं काम सोडलं, ते थेट बेटावर. रात्री वडिलांच्या पबमध्ये काम, दिवसा शेतकऱ्यांचे, कोळ्यांचे, म्हाताऱ्या मँक्स, म्हणजे मूळच्या बेटावरच्या, माणसांचे फोटो. करसवलतीपायी बाहेरचा पैसा बेटावर येऊ लागला होता आणि जुनं बेट मागे पडत होतं. न्यूयॉर्कच्या ली विटकिन या गॅलरीवाल्याने त्या कामापोटी आगाऊ पैसे दिले. ते पुस्तक निघायला मात्र १९८० उजाडलं.

पुढे आर्ट्स कौन्सिलचं, म्हणजे कलांना सरकारी पैसा देणाऱ्या संस्थेचं, काम मिळालं, आणि १९७५ मध्ये दोन वर्षांच्या फेलोशिपवर तो न्यूकॅसलला आला. दोन वर्षांसाठी आलेला माणूस १९९१ पर्यंत राहिला. १९७७ मध्ये इथे साइड गॅलरी सुरू झाली, तिच्या संस्थापकांत तो होता आणि सुरुवातीला ती चालवतही होता. म्हणजे कधी फेलोशिप, कधी गॅलरी, कधी एखादं काम. एका गोष्टीवर त्याचं घर कधीच चाललं नाही.

आता किनारा. लाइनमथ हे गाव न्यूकॅसलच्या उत्तरेला, नॉर्थंबरलंडच्या समुद्राकाठी. शेजारीच एलिंग्टनची खाण होती. खाणीतला दगडमातीचा कचरा समुद्रात टाकत. त्यात कोळशाचे तुकडे असायचेच. दगड जड, तो खाली बसायचा. कोळसा हलका, तो लाटांबरोबर काठाकडे यायचा. समुद्र फुकटात निवडून देत होता म्हणा ना. लोक घोडागाड्या मागच्या बाजूने पाण्यात नेऊन उभ्या करायचे, स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरायचे आणि लांब काठीला बांधलेल्या तारेच्या जाळीने कोळसा उपसून गाडीत भरायचे. हिवाळ्यातसुद्धा. इथला उत्तर समुद्र उन्हाळ्यातही पाय बधिर करतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

किलिपने हे पहिल्यांदा १९७६ मध्ये पाहिलं. फोटो काढायला गेला तर हाकलून लावलं. कारण अगदी साधं होतं: त्यांना वाटलं हा बेकारांच्या सरकारी भत्त्याच्या ऑफिसातून आलेला हेर आहे. कोळसा विकून चार पैसे मिळतात हे कळलं तर भत्ता बंद. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. तो पुन्हा पुन्हा गेला, पुन्हा पुन्हा तेच. शेवटी १९८२ मध्ये कॅमेऱ्याचं बाजूला ठेवून तो त्यांच्या पबमध्ये गेला आणि आपण कोण, काय करायचंय, हे सरळ सांगितलं. कुणी विश्वास ठेवेना. तेवढ्यात एकाने त्याला ओळखलं. कंब्रियातल्या ॲपलबीच्या घोडेबाजारात दोघांची गाठ पडली होती. हा माणूस बरा आहे, असं त्याने बाकीच्यांना सांगितलं, आणि दार उघडलं. लाइनमथवर फेऱ्या मारून जे जमलं नाही ते भलत्याच जिल्ह्यातल्या एका जुन्या ओळखीने जमलं.

पुढे त्याने कॅरव्हॅन विकत घेतली आणि १९८३-८४ मध्ये साधारण १४ महिने, अधूनमधून, कोळसा काढणाऱ्यांच्या तळावरच राहिला. हुला-हूपमध्ये एकटीच रमलेली मुलगी, बर्फाच्या वादळात वाकून चाललेला माणूस, हे फोटो त्या मुक्कामातले. बाहेरून आलेला माणूस बर्फाच्या वादळात तिथे नसतो. तिथे राहणाराच असतो.

आणि एवढं करून 'सीकोल' (समुद्रातला कोळसा) हे पुस्तक आलं २०११ मध्ये. काही फोटो आधी इतर पुस्तकांत आले होते, पण सगळं काम एकत्र यायला पाव शतक लागलं.

मी स्वतः २०१२ मध्ये लाइनमथला गेले होते, बसने. खाण २००५ मध्येच बंद पडलेली. घोडे नाहीत, गाड्या नाहीत. पण भरती ओसरली तिथे वाळूवर काळी रेघ होती. खाली बसून चिमटीत घेतलं, कोळशाचा चुरा. बोटं दिवसभर काळी राहिली.

आता थॅचरबाईंचं. याचं उत्तर किलिपने स्वतःच देऊन ठेवलंय. 'इन फ्लॅग्रँटे' हे त्याचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक १९८८ चं, ५० फोटोंचं. थॅचर तेव्हा पंतप्रधान होत्या, त्यामुळे तो शिक्का बसला तो बसलाच. २०१६ मध्ये त्याने 'इन फ्लॅग्रँटे टू' काढलं. पहिल्या पुस्तकातला जॉन बर्जर आणि सिल्व्हिया ग्रँट यांचा लेख त्यात नाही. उजव्या पानावर फोटो, डावं कोरं. आणि मजकूर म्हणाल तर काय, हे फोटो १९७३ ते १९८५ मधले आहेत, आणि त्या काळातल्या पंतप्रधानांची यादी: हीथ, विल्सन, कॅलहन, थॅचर, पक्ष आणि वर्षांसकट. दोन हुजूर पक्षाचे, दोन मजूर पक्षाचे. एवढंच. मी ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते.

आमच्या वॉल्सेंडचंच बघा. १९७५ चा फोटो: विटांच्या घरांच्या दोन रांगा, मधल्या रस्त्यात मुलं, आणि रस्त्याच्या टोकाला आकाश असायला हवं तिथे 'टाइन प्राइड' हे जहाज. टाइनवर बांधलेल्या सर्वांत मोठ्या जहाजांपैकी एक. छपरांच्या कितीतरी वर गेलेली पोलादाची भिंत. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, त्याने जवळपास तिथूनच पुन्हा फोटो काढला. घरं पाडलेली. जहाज तर नाहीच. थॅचर सत्तेवर आल्या १९७९ च्या मे मध्ये. या पडझडीच्या दोषातून त्यांना मोकळं सोडा असं मी म्हणत नाहीये, इथे त्यांच्याबद्दल लोक अजून काय बोलतात ते मी रोज ऐकते. पण पडझड आधीच सुरू झाली होती, आणि ती त्याने आधीच पाहिली होती.

प्रिंटबद्दल विचारलंत. २०१८ मध्ये न्यूकॅसलच्या लेंग आर्ट गॅलरीत त्याचं 'द लास्ट शिप्स' हे जहाजांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. आमच्या होममध्ये एक आजोबा होते, आयुष्यभर गोदीत वेल्डर. त्यांना व्हीलचेअरवरून घेऊन गेले. मला वाटलं होतं, ते जहाजाकडे बघतील. एका प्रिंटसमोर मला थांबायला सांगितलं आणि बराच वेळ घरांच्या दारांवरून बोट फिरवत राहिले, काचेला न लावता, दोन इंचांवरून. कोण कुठे राहायचं ते सांगत. मग म्हणाले, हे जहाज माझ्या आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत महिनोन्महिने उभं होतं. पाण्यात उतरलं त्या दिवशी आई म्हणाली, अरे, ओट्यावर ऊन आलंय.

त्या फोटोत ते ऊन नाही, जहाज अजून उभंच आहे. पण तेव्हापासून मला त्या फोटोतलं घरांवरचं सावट दिसतं, आधी दिसलं नव्हतं.

रंगीत रीळ

ताईंनी मनापासून लिहिलंय, आवडलं. तरी थोडा विरोध नोंदवतो.

किलिपचा उत्तरेकडचा भाग बघताना मला नेहमी वाटतं की इथे कुणी हसतच नव्हतं का? त्याच काळात, १९८३ ते ८५, मार्टिन पार हा फोटोग्राफर मर्सीसाइडमधल्या न्यू ब्रायटन या समुद्रकाठच्या सुट्टीच्या ठिकाणी 'द लास्ट रिसॉर्ट' करत होता. भडक रंग, दिवसासुद्धा फ्लॅश, आइस्क्रीम, कचरा, रडणारी पोरं, उन्हात पडलेल्या आया. तोही मंदीचाच काळ, तीही कामगारवर्गाचीच माणसं. त्याच्यावर टीका झाली की तो लोकांना हसतो म्हणून. पण निदान त्याच्या फोटोत माणसं सुट्टीवर जातात.

दुसरं म्हणजे, खरोखर आतलं काम बघायचं असेल तर टिश मर्था ही फोटोग्राफर बघा. साउथ शील्ड्सला जन्म, न्यूकॅसलच्या एल्स्विकमध्ये वाढलेली, वेल्समधल्या न्यूपोर्टला फोटोग्राफर डेव्हिड हर्नच्या हाताखाली शिकून परत आपल्याच गल्लीत आली. 'यूथ अनएम्प्लॉयमेंट' हे काम १९८१ चं, आणि त्यातली बेकार पोरं म्हणजे तिची भावंडं, शेजारी, मित्र. तिला कुणाच्या ओळखीची गरजच नव्हती. ती २०१३ मध्ये गेली, आणि पुस्तक आलं २०१७ मध्ये, तिच्या मुलीने लोकांकडून पैसे जमवून काढलेलं. प्रश्नकर्त्याला वाट पाहण्याची गोष्ट सांगायची तर ही पण सांगायला हवी. किलिप पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाला. मर्थाला हयातीत त्यातलं काही मिळालं नाही.

टाइनकाठची

रंगीत रीळ, मर्थाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. एल्स्विक माझ्या नेहमीच्या बसच्या वाटेवर आहे. तिच्या फोटोतली मुलं कॅमेऱ्याकडे ज्या नजरेने बघतात तशी किलिपकडे कुणी बघत नाही. ती नजर घरच्या माणसासाठीच असते.

किलिप बाहेरचाच होता, आणि ते तो लपवत नव्हता. 'इन फ्लॅग्रँटे'च्या सुरुवातीला त्याने लिहिलंय की या फोटोतल्या लोकांच्या लेखी मी फालतू आहे, माझी त्यांना काही गरज नाही. माझी खरी अडचण होते ती जॅरो या टाइनकाठच्या गावातल्या १९७६ च्या फोटोपाशी. भिंतीवर बसलेला पोरगा, भादरलेलं डोकं, जड बूट, गुडघे छातीशी घेतलेले, मुठी कपाळावर दाबलेल्या, डोळे गच्च मिटलेले. जॅरो म्हटलं की इथे १९३६ आठवतं, कामासाठी लंडनपर्यंत चालत गेलेले २०० पुरुष. त्यामुळे तो पोरगा एकदम सगळ्या बेकारीचं चित्र होऊन बसतो. त्याला त्या दिवशी काय झालं होतं, डोकं दुखत होतं की आणखी काही, ते फोटो सांगत नाही. फोटो थोर आहे. पण दरवेळी तो बघताना मला आधी त्या पोराला विचारावंसं वाटतं, बाळा, काय झालं?

हसण्याचं मात्र पटत नाही. 'द स्टेशन' पाहिलंत का? नदीपलीकडच्या गेट्सहेडमध्ये पंक संगीतवाल्या पोरापोरींनी स्वतः चालवलेला एक क्लब होता, १९८५ मधले फोटो. घामाने निथळणारी, एकमेकांच्या अंगावर कोसळणारी पोरं. आणि मधोमध हा ३९ वर्षांचा, पांढऱ्या बारीक केसांचा माणूस, सूट घातलेला, फिल्म ठेवायला कोटाला आतून खिसे शिवून घेतलेले, कमरेला फ्लॅशची बॅटरी. तू कोण, कुठला, असं त्याला तिथे कुणी विचारलं नाही, असं तो सांगायचा. ते फोटोही खोक्यात पडून राहिले. २०१६ मध्ये त्याच्या मुलाला त्यांच्या कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्हच्या आकाराचे छोटे प्रिंट असलेले कागद) सापडल्या आणि २०२० मध्ये पुस्तक आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किलिप गेला, फुप्फुसाच्या कॅन्सरने, ७४ व्या वर्षी.

पिरेलीच्या टायर कारखान्याचं काम १९८९ चं, कंपनीनेच सांगितलेलं, त्यावर मी फार बोलणार नाही. चांगलं आहे, पण मला त्यात तो पाहुणा वाटतो.

आणि एक सल अजून आहे. २०२३ मध्ये गेट्सहेडच्या बाल्टिक या कलादालनात त्याचं मोठं प्रदर्शन भरलं, लंडनहून आलेलं. मी पाहिलं, डोळे भरून पाहिलं. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये साइड गॅलरी बंद झाली, आर्ट्स कौन्सिलचं अनुदान थांबल्यावर. नदीच्या या काठावर त्याने उभी केलेली, मर्थाचंही काम जिथे लागलं ती गॅलरी कुलूपबंद, आणि पलीकडच्या काठावर त्याच्या प्रदर्शनाला गर्दी. पूल ओलांडून घरी येताना मला फार वाईट वाटलं होतं.

शीटफिल्म

तांत्रिक बाजू कुणी लिहिली नाही म्हणून थोडक्यात. किलिपचं बरंचसं काम ४ बाय ५ इंची शीट फिल्मवरचं आहे, म्हणजे रिळाऐवजी एकेका फोटोची सुटी फिल्म. एका होल्डरमध्ये दोनच शीट, पुढे एक, मागे एक. दहा होल्डर घेतले तरी दिवसाला वीस फोटो. असा कॅमेरा लपवून वापरता येत नाही, तो काढला की सगळ्यांना दिसतो. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण समोरच्याला नको असेल तर तो तोंड फिरवू शकतो, निघून जाऊ शकतो. कृष्णधवल, तुमच्याकडे डिजिटल असेल तर एक दिवस फक्त वीसच फोटो काढायचे असं ठरवून बघा. हात आपोआप थांबतो.

कृष्णधवल

सगळ्यांचे आभार. पबमध्ये जाऊन सरळ सांगितलं, हे वाचून चटका बसला. मी ते केलंच नव्हतं. कोण आहे, फोटो कशासाठी, कुठे दाखवणार, यातलं एकही वाक्य बोललो नव्हतो. रविवारी जाणार आहे.

किलिपच्या स्किनिंग्रोव्ह गावातल्या कामाबद्दल कुणी लिहिलं नाही. ते बघावं का? आणि टाइनकाठची ताई, त्या आजोबांना तो फोटो मिळाला का?

टाइनकाठची

स्किनिंग्रोव्ह जरूर बघा. यॉर्कशायरच्या उत्तर किनाऱ्यावरचं, बाहेरच्यांना फटकून असणारं मासेमारीचं गाव. १९८१ ते ८४ मधलं काम. त्यातला एक फोटो मला सोडत नाही: एका पोराचा बाप समुद्रात बुडाला, त्यानंतर पहिल्यांदाच त्या पोराला होडीतून समुद्रावर नेतायत. २०१३ ची मायकेल अल्मेरेडाची एक छोटी फिल्मही आहे याच नावाची, त्यात किलिप फोटो दाखवत स्वतः बोलतो. आवाज ऐकाच. ओळख झालेल्या तिथल्या मुलांपैकी कोण पुढे बुडालं, हे सांगताना तो अगदी हळू बोलतो.

आजोबांना प्रदर्शनाच्या माहितीपत्रकातलं पान कापून पलंगासमोर लावून दिलं होतं. ते गेल्यावर मुलगी सामान न्यायला आली, तिने ते पान आधी काढून घेतलं आणि मूळ फोटो कुणाच्या घरी आहे असं विचारलं. कुणाच्या घरी नाही. किलिपने 'द लास्ट शिप्स'चे प्रिंट लेंग गॅलरीला देऊन टाकलेत. तिला पत्ता लिहून दिला, आणि जाण्याआधी फोन करून विचार, कधीकधी ते भिंतीवर नसतात, हेही सांगितलं.